रविवारच्या आत ‘नाही’ कसं सांगू?

प्रिय ताई,

मी एका लहान विद्यापीठाच्या गावात दुसऱ्या वर्षाला आहे. गाव म्हणजे एक लांब रस्ता, विद्यापीठ आणि आम्ही विद्यार्थी. वसतिगृहात दोनच वर्षं राहता येतं, त्यामुळे पुढच्या वर्षी बाहेर खोली घ्यायला लागणार. माझ्या तीन मैत्रिणींनी चौघींसाठी एक फ्लॅट बघितलाय, विद्यापीठापासून पाच मिनिटांवर. मालक म्हणतो, रविवारपर्यंत सह्या आणि डिपॉझिट दिलं नाही तर दुसऱ्यांना देऊन टाकीन. तिघी खूश आहेत. मला आतून नको वाटतंय. त्यातली एक माझी आत्ताची रूममेट आहे. रात्री दोन-दोनपर्यंत फोनवर बोलते, उसने घेतलेले पैसे मागितल्याशिवाय देत नाही. मी कधी काही बोलले नाही. एक वयस्कर बाई त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने देतात, ती मी कुणाला न सांगता बघून आले. शांत आहे, खिडकीतून झाडं दिसतात, पण पंचवीस मिनिटं चालायला लागतं. तिघींना सांगितलं तर त्या मला तोडून टाकतील. आणि इतक्या लहान गावात तोंड कुठे लपवू? लायब्ररीत, दुकानात, बसथांब्यावर रोज त्याच भेटणार. शिवाय शनिवार-रविवारी गाव असं ओस पडतं की त्या खोलीत एकटीला वेड लागेल, अशीही भीती वाटते. काय करू?

– झाडांची खिडकी आवडलेली

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. फ्लॅटबद्दल तू एवढंच लिहिलंस की तो पाच मिनिटांवर आहे आणि मालकाला घाई आहे. तो उजेडाचा आहे की अंधारा, तुझा पलंग कुठे लागणार, यातलं काहीच नाही. वरच्या खोलीबद्दल लिहिताना मात्र शांतता आली, खिडकी आली, झाडं आली, आणि सहीसुद्धा तू त्या खिडकीच्याच नावाने केलीस. म्हणजे कुठे राहायचं हे तुझं ठरलंय. अडलंय ते सांगण्यापाशी.

तेव्हा आधी सरळ उत्तर: रविवारी सही करू नकोस. पण रविवारी ऐनवेळी माघारही घेऊ नकोस. आज-उद्यात खोलीचं पक्कं कर आणि त्याच दिवशी तिघींना सांग. क्रम हाच ठेव. खोली हातात नसताना फ्लॅट सोडलास तर एक ना धड अशी गत होईल. आणि खोली पक्की करून चार दिवस गप्प राहिलीस तर मात्र तुझ्याकडून खरोखर अन्याय होईल. त्यांना चौथी शोधायची आहे आणि त्यांच्याकडेही रविवारपर्यंतचाच वेळ आहे. ‘नाही’ म्हटल्याने मैत्रिणी दुखावतात, पण उशिरा ‘नाही’ म्हटल्याने त्या अडकतात. दुखावणं भरून येतं. अडकवलेलं माणसं विसरत नाहीत.

आता त्या मालकाच्या घाईबद्दल. तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. लहान विद्यापीठाच्या गावात घरांचा बाजार वर्षातून एकदाच भरतो. सगळ्यांचे करार एकाच सुमाराला संपतात, सगळे एकाच वेळी शोधायला निघतात, आणि एका वर्गात ‘आमचं झालं’ असं कुणी म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला घाम फुटतो. मालकालाही त्याची भीती असते. सत्र सुरू झालं आणि घर रिकामं राहिलं, तर अशा गावात ते पुढचे कित्येक महिने रिकामंच राहू शकतं. म्हणून तोही रेटतो. पण पहिली लाट ओसरली की काही खोल्या परत बाजारात येतात: कुणाचा प्रवेश बदलतो, कुणी एक सत्र दुसऱ्या विद्यापीठात जातं, आणि सगळ्यात जास्त वेळा, घाईघाईत जमलेले चौघांचे गट सामान हलवायच्या आधीच फुटतात. मुदत त्या मालकाची आहे. तुझं पुढचं वर्ष तिच्यावर ठरवू नकोस.

मी स्वतः तिसऱ्या वर्षी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीबरोबर घर घेतलं होतं. आमचं बिनसलं एका पातेल्यावरून. करपलं होतं, म्हणून कुणीतरी त्यात पाणी घालून ते सिंकमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर पातळ साय धरली, तिसऱ्या दिवशी कडेने पांढुरकी बुरशी. दोघी त्याच सिंकमध्ये आपापला कप विसळायचो, पातेलं जरा बाजूला सरकवायचो आणि निघून जायचो. आपण करपवलेलं नाही, अशी दोघींची खात्री होती. चौथ्या दिवशी मी ते उचललं आणि कचऱ्यात टाकून दिलं, पातेल्यासकट. त्यावर आम्ही अवाक्षर बोललो नाही, आणि नंतर इतर गोष्टींवरही कमीच बोलत गेलो. वाईट त्या मैत्रिणीत काही नव्हतं आणि माझ्यातही नव्हतं. फक्त एका छताखाली राहायला जे लागतं ते आमच्या मैत्रीत कधी लागलंच नव्हतं. मैत्रीत ती उशिरा आली तर मी हसून दहा मिनिटं थांबायचे. घरात तीच दहा मिनिटं रोज सकाळी बाथरूमच्या दारापाशी उभं राहून काढावी लागतात.

तू या रूममेटबरोबर राहून बघितलं आहेस. बाकीच्या दोघींना तुझ्याइतका जवळचा अनुभव नाही, म्हणून त्या खूश आहेत. फ्लॅटमध्ये दारं जास्त असतील, पण रात्री दोनचा आवाज भिंतीतून येतोच. आणि एका गोष्टीचा विचार तू केलेला दिसत नाहीस. चौघींच्या सह्या एकाच करारावर असल्या तर बहुतेक ठिकाणी संपूर्ण भाड्याची जबाबदारी चौघींवर मिळून आणि प्रत्येकीवर वेगवेगळीही येते. एकीने तिचा वाटा थकवला किंवा ती मध्येच सोडून गेली, तर मालक उरलेल्या तिघींना धरतो, आणि कागद त्याच्या बाजूने असतो. उसने पैसे मागितल्याशिवाय न देणाऱ्या मुलीबरोबर असा करार करताना मी दहा वेळा विचार केला असता. हे तिला सुनवायचं नाही. तुझ्यापाशी ठेवायचं.

आता सांगायचं कसं? तिघींना एकत्र, समोरासमोर. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मुळीच नको, तिथे तुझं वाक्य तुझ्याशिवाय फिरत राहील. खोलीतही नको, जिथून उठून जाता येत नाही. चालता चालता सांग, किंवा बाहेर बाकावर बसून. वाक्यं साधीच असू देत: “मी पुढच्या वर्षी एकटीची खोली घेतेय. मला झोप लागायला शांतता लागते, हे या दोन वर्षांत कळलं. तुमच्याबरोबर राहायचं नाही म्हणजे तुमच्याबरोबर असायचं नाही असं नाही. चौथी शोधायला वेळ मिळावा म्हणून आजच सांगतेय.” बस. मग थांब आणि त्यांना बोलू दे.

त्या वेळी दोन गोष्टी टाळ. एक म्हणजे खोटं कारण. ‘घरचे नको म्हणतात’ हे तोंडावर येईल, कारण ते सोपं आहे. मग त्या घरच्यांना फोन करायला तयार होतील, तू आणखी एक खोटं जोडशील, आणि एवढ्याशा गावात आठवड्याभरात ते उघडं पडेल. मग दुखावण्याचं खरं कारण त्यांना मिळेल. दुसरं म्हणजे साठलेला हिशोब. दोन वर्षांचे फोन, उसने पैसे, हे सगळं त्या बाकावर ओतू नकोस. पैसे मागायचेत ते तिच्याकडे एकटीकडे, वेगळ्या दिवशी, आकडा आणि तारीख सांगून माग: “वसतिगृह सोडायच्या आधी एवढे परत दे.” तू भिडस्त आहेस हे पत्राच्या ओळी-ओळीतून दिसतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. ती रात्री दोनला फोनवर बोलते ही तिची चूक आहेच, पण तुला त्रास होतो हे तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

एखादी रुसेल. कदाचित आठवडाभर लायब्ररीत दुसऱ्या टेबलावर बसेल. लहान गावाची तुला भीती वाटते ती इथेच, आणि मला इथेच आशा वाटते. मोठ्या शहरात माणूस रुसला की वर्षभर दिसत नाही आणि रुसवा तसाच गोठून राहतो. तुझ्या गावात ती मंगळवारी बसथांब्यावर भेटणार, गुरुवारी झेरॉक्सच्या रांगेत तुझ्या मागे उभी असणार. तू प्रत्येक वेळी आधी हसून बोल, उत्तर येवो न येवो. तोंड लपवू नकोस. दहाव्या भेटीला कुणीही तितकं रागावलेलं राहू शकत नाही.

अंतराची तुझी भीती मात्र मी उडवून लावणार नाही, ती खरी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने शिकणाऱ्या जोडप्यांसाठी बांधलेल्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक या संशोधकांनी मैत्री कशी जमते हे तपासलं होतं, १९५० साली ते प्रसिद्ध झालं. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारातल्या शेजाऱ्यांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र निघाले, एक दार सोडून असलेल्यांपैकी २२ टक्के, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. ही सगळी दारं जेमतेम तीस मीटरांच्या आत होती! तुमची चौघींची मैत्रीही बहुधा वसतिगृहाच्या एका मजल्यावरच जमली असणार. दार उघडं दिसलं की डोकवायचं, एवढ्यावर ती दोन वर्षं चालली. पंचवीस मिनिटांवर गेलीस की ते आपोआप होणं थांबेल, आणि तू काहीच केलं नाहीस तर मैत्री खरंच पातळ होईल. म्हणून त्या आपोआपच्या जागी एक ठरलेली वेळ लाव. आठवड्यातला एक वार, एक जागा, दर वेळी नव्याने न विचारता. ‘भेटू या कधीतरी’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणी भेटत नाहीत. ‘बुधवारी साडेपाचला’ म्हणणाऱ्या भेटतात.

रिकाम्या शनिवार-रविवारचं काय? ज्यांची घरं जवळ आहेत ते शुक्रवारी बॅग उचलतात आणि गाव ओस पडल्यासारखं दिसतं. पण ओस पडत नाही, फक्त माणसं बदलतात. लांबून आलेले, परदेशातून आलेले, पीएचडी करणारे, सुट्टीत काम करणारे आणि मुळात गावात राहणारे लोक तिथेच असतात. सोमवार ते शुक्रवार ते तुम्हा विद्यार्थ्यांच्या गर्दीत दिसत नाहीत एवढंच. शनिवार सकाळची एक गोष्ट धर, आणि जमल्यास विद्यापीठाबाहेरची: लहान मुलांना वाचून दाखवणं, गाण्याचा गट, मैदानावरचा खेळ, झाडं लावणारी मंडळी, काहीही. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल. चार वेळा गेल्याशिवाय ‘माझ्यासाठी नाही’ असं ठरवू नकोस. मोठ्या सुट्टीत बस किती वेळा असतात, लायब्ररी कधी उघडी असते, मेस चालू असते की नाही, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून ठेव. सुट्टीच्या पहिल्या दिवशी बंद दारासमोर उभं राहिल्यावर जो एकटेपणा वाटतो, त्यातला निम्मा फक्त माहिती नसल्याचा असतो.

आणि हे मनापासून सांगते: झोप उडाली, जेवावंसं वाटेना, तासाला जाणं नकोसं झालं आणि हे दोन आठवडे हटलं नाही, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा. ‘एवढ्याशासाठी कशाला’ म्हणू नकोस. एवढ्याशासाठीच ते तिथे बसलेले असतात.

आता खोली. तू ती गुपचूप बघून आलीस, म्हणजे घाईत बघितलीस. पुन्हा जा, आणि या वेळी अंधार पडल्यावर, विद्यापीठातून चालत. पंचवीस मिनिटं दुपारी वेगळी असतात, रात्री साडेनऊला लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन वेगळी. दिवे कुठपर्यंत आहेत, शेवटची बस किती वाजता, मध्ये निर्जन तुकडा किती, ते पायांनी मोज. हे जमण्यासारखं नसेल तर खिडकीतली झाडं कितीही सुंदर असोत, मला ती खोली तुझ्यासाठी नको.

खोलीत गेल्यावर कपाट भिंतीपासून हातभर ओढायला लाव. लाज वाटेल, तरी लाव. मी एकदा ओढलं नव्हतं. राहायला गेल्यावर महिन्याभराने मागे पडलेलं पुस्तक काढायला ते सरकवलं तर भिंतीवर माझ्या गुडघ्यापर्यंत काळी बुरशी, बोट फिरवलं की काजळीसारखी हाताला लागायची. घर सोडताना ती मीच केली असं ठरलं आणि डिपॉझिटमधले पैसे गेले, कारण पहिल्या दिवसाचा फोटो माझ्याकडे नव्हता. हवेतला ओलावा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला फावतं, आणि खोलीत वाळत घातलेले एका खेपेचे कपडे दीड-दोन लिटर पाणी त्याच हवेत सोडतात. म्हणून खिडकी नुसती बघू नकोस, उघडून बघ. कपडे कुठे वाळत घालायचे ते विचार. पाणी तापवायला किंवा खोली उबदार ठेवायला गॅसचं यंत्र असेल तर ते कधी तपासून घेतलं आणि धूर बाहेर कुठून जातो, हेही विचार. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं, आणि माणूस अंथरुणात पडून राहतो, जिथून खरं तर त्याने बाहेर पळायला हवं. त्याचा अलार्म मिळतो, खोलीत नसेल तर तो तू घे.

मालकीणबाईंच्याच घरात राहायचं तर भाड्याहून महत्त्वाचं त्यांच्या सवयी जाणून घेणं. मैत्रिणी आलेल्या चालतील का, किती वाजेपर्यंत? स्वयंपाकघर तुला कधी मोकळं? तुझ्या खोलीची किल्ली आणखी कुणाकडे आहे? दाराला आतून कडी आहे का? त्या तू नसताना खोलीत येतात का? वीज, पाणी, इंटरनेट भाड्यात धरलंय की वेगळं? त्या आजारी पडल्या किंवा मुलांकडे राहायला गेल्या तर तुझं काय? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. ज्या बाईंनी आधी भाडेकरू ठेवले आहेत त्यांना तू विचारलंस याचं बरंच वाटेल. त्यांची एखादी अट तुला जाचक वाटली तर आत्ताच सांग, ‘बघू नंतर’ म्हणू नकोस. इथेही भिडेखातर गप्प बसलीस तर रूममेटची गोष्ट पुन्हा घडेल, फक्त या वेळी समोरचं माणूस वयाने मोठं असेल.

त्या प्रेमळ आहेत म्हणून कागदाशिवाय राहू नकोस. भाडं किती, डिपॉझिट किती आणि कधी परत, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं तरी लिहून दोघींच्या सह्या हव्यात. पैसे दिलेस की पावती. पहिल्या दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, भिंती, छताचे कोपरे, गादीच्या दोन्ही बाजू, नळाखालची जागा, विजेच्या मीटरवरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढ आणि त्यांनाही त्याच दिवशी पाठव, म्हणजे तारखेचा वाद राहणार नाही. करार सही करण्याआधी विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण किंवा निवास विभागात दाखव. बऱ्याच ठिकाणी ते फुकट वाचून देतात, आणि गावातला कुठला मालक डिपॉझिट अडवून ठेवतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. विद्यार्थ्याच्या भाड्यात विद्यापीठाने लक्ष घालणं नवीन नाही. ऑक्सफर्डमध्ये १२०९ साली एका हत्येवरून गाव आणि विद्यापीठ यांच्यात एवढं चिघळलं की शिक्षक आणि विद्यार्थी गाव सोडून निघाले, त्यातले काही केंब्रिजला जाऊन राहिले. १२१४ मध्ये समेट झाला तेव्हा गावाला घातलेली एक अट होती की विद्यार्थ्यांच्या निवासाचं भाडं दहा वर्षं निम्मंच घ्यायचं. पॅरिसच्या विद्यापीठाला तर १२३१ मध्ये पोपकडून मिळालेल्या सनदेत, निवासाच्या भाड्याची रास्त आकारणी नाकारली गेली तर वर्ग बंद ठेवायचा हक्क लिहून मिळाला. तू त्या विभागाच्या खिडकीपाशी कागद घेऊन उभी राहशील तेव्हा संकोचू नकोस, आठशे वर्षांची रांग आहे ती.

आज कोणता वार आहे मला माहीत नाही, पण रविवार लांब नाही. आज संध्याकाळी चालत जा आणि खोली बघ. ठीक वाटली तर तिथूनच त्या बाईंना होकार दे, उद्या कागद दाखवून घे, आणि उद्याच तिघींना बाकावर बोलाव. आणि मग सामान हलवायच्या दिवशी त्यांना हाक मार, रुसलेलीलाही. वरच्या मजल्यावर गादी न्यायला चार माणसं लागतात. तिथे पोचल्यावर त्यांना ती खिडकी उघडून दाखव.

– तुझी ताई